पातं माझं, बोटं तिची

मी एक जुनी कुट्टी मशीन आहे, मित्रांनो, आणि माझ्या पात्याखाली एका बाईची दोन बोटं गेली आहेत. हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते. आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो आधी जन्माचं कौतुक सांगतो, नव्या रंगाचं सांगतो, आणि वाईट ते शेवटी हळूच सरकवतो. मला तसं करायचं नाही. एवढं ऐकून ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. जे बसतील त्यांना मी पुढचं सगळं सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे.

माझं अंग ओतीव लोखंडाचं. चार पायांवर मी कमरेइतकी उंच उभी असते. एका बाजूला मोठं चाक, चाकावर दोन वाकडी पाती आणि फिरवायला एक दांडा. दुसऱ्या बाजूला माझं तोंड. तोंडाच्या आत दोन दातेरी रूळ आहेत. एका माणसानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं तोंडात चारा सारायचा. रूळ चारा आत ओढतात, पाती त्याचे अर्ध्या इंचाचे तुकडे करतात आणि कुट्टीचा ढीग खाली पडतो. चारा आखूड झाला की जनावर तो सगळा खातं. दांडके बाजूला काढून नुसती पानं खायची सोय राहत नाही. माझं काम एवढंच. पण ज्याच्या दारात जनावर आहे त्याला विचारा, हे काम केवढं आहे ते.

केनवडजवळच्या एका खेड्यात दुर्गाबाईच्या घरी मी आले. तिच्या नवऱ्यानं मला रिसोडहून जीपच्या टपावर बांधून आणलं होतं. तेव्हा मी हिरवीगार होते आणि चाकाला लाल रंग होता. गावातली लेकरं माझं चाक फिरवायला रांग लावायची. नवरा पुढं आजारपणात गेला. दुर्गाबाईनं दोन एकर शेती, दोन म्हशी आणि एक मुलगा, संघदीप, असं सगळं एकटीनं ओढलं. त्या साऱ्या वर्षांत रोज सकाळ-संध्याकाळ माझं चाक फिरलं.

चाऱ्याच्या बाबतीत दुर्गाबाईसारखी पारखी बाई मी पाहिली नाही. शाळा तिनं पाहिली नव्हती. पण सकाळी उठल्याबरोबर ती गव्हाणीत वाकून बघायची, की रात्रीच्या चाऱ्यातलं काय उरलं. "जनावर बोलत नाई, उरवते," असं ती म्हणायची. जे उरलं त्यात काहीतरी खोट आहे हे धरून ती चालायची. ज्वारीचा कडबा घेताना पेंढीच्या पोटात हात घालून आतली पानं बाहेर काढून हुंगायची. वरून पिवळा आणि आतून काळा कडबा तिनं कितीदा गाडीसकट परत धाडला. तुरीचं कुटार म्हणजे शेंगांचा आणि पाल्याचा भुसा, तो तिच्या लेखी सोन्यासारखा. सोयाबीनचं कुटार टरफलांचं असेल तर घ्यायचं, नुसत्या काड्या असतील तर नाही. हरभऱ्याचं आंबट, ते मूठभर. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, दुभत्या म्हशीलाच, तीही भिजवून. आणि पावसानं ताण दिलेली कोवळी हिरवी ज्वारी मात्र कध्धी म्हणजे कधी नाही, कारण तिच्यात विष असतं आणि तासाभरात जनावर आडवं होतं. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिनं पाहून पाहून मिळवलं होतं.

मग संघदीपचं लग्न झालं आणि मंगरूळपीरकडची धम्मदीपा या घरात सून म्हणून आली. संघदीप रिसोडच्या बाजारात एका अडत दुकानावर मापारी होता. सकाळच्या एसटीनं जायचा आणि दिवस मावळताना यायचा. त्यामुळे दिवसभर घरात या दोघीच. धम्मदीपा बारावी झालेली होती. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. गावातल्या बुद्धविहारातल्या फळ्यावर दर रविवारी तीच लिहायची. म्हशींची तिला आधी भीती वाटायची, पण सहा महिन्यांत तिनं धार काढायला शिकून घेतलं. सासू चाक फिरवायची, सून चारा सारायची. दोघींचं बोलणं, 'आत्याबाई' आणि 'पोरी' करत, माझ्या खडखडाटावरून चालायचं.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. माझी पाती त्या हंगामात बोथट झाली होती. धार लावायला न्यायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. बोथट पात्यावर चारा अडतो, आणि अडला की माणूस तो हातानं रेटतो. कडब्याची एक गाठीची पेंढी माझ्या तोंडात अडकली. त्याच वेळी गोठ्यात भुरी म्हैस दाव्याला हिसका देऊ लागली, म्हणून दुर्गाबाईनं मान तिकडं वळवली. हात मात्र चाकावर फिरतच राहिला. धम्मदीपानं उजव्या हातानं पेंढी आत ढकलली. रुळांना कडबा आणि हात यांतला फरक कळत नाही.

"आत्याबाई!"

चाक थांबलं, पण अर्धा फेरा उशिरा.

तर्जनी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही गेली. तिला आधी रिसोडला आणि तिथून वाशिमला नेलं. बोटं जोडता आली नाहीत.

पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा हाताला पांढरी पट्टी होती आणि चेहरा कोरडा होता. दुर्गाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती तडक माझ्याकडे आली आणि दोन गडी बोलावून तिनं मला गोठ्यामागं नेऊन टाकलं. त्या दिवसापासून दुर्गाबाईनं कुठलाच दांडा हातात धरला नाही. हापशीवर जायची, पण दांडा दुसऱ्या कुणाला मारायला लावायची आणि आपण नुसती घागर धरायची. लोकांना वाटलं बुढीचे खांदे गेले. खांदे चांगले होते.

मी तीन वर्षं गोठ्यामागं पडून होते. रंग उडाला, रूळ गंजले, कोंबड्यांनी माझ्या तोंडात अंडी घातली. गावातली पोरं मला 'बोटखाई' म्हणायची. मित्रांनो, त्या नावाचा मला अजूनही संताप येतो. दोन बोटांचं ओझं माझ्यावर आहे, ते मी नाकारत नाही. पण मी बोटं खात नाही. मला तोंडावर झाकण कुणी दिलं नव्हतं. माझी धार कुणी लावली नव्हती. चाक अडवायला माझ्याजवळ खीळ नव्हती. या तीन गोष्टी असत्या तर धम्मदीपाचा हात आज पुरा असता. कडीकोयंडा न लावता दार उघडं टाकायचं आणि चोरी झाल्यावर दाराला फोडून काढायचं, त्यातलाच हा न्याय.

माझ्यावाचून म्हशींचे हाल झाले. अख्खा कडबा त्यांच्यापुढं पडायचा. भुरी पानं ओरपायची आणि दांडके पायाखाली तुडवायची. निम्मा चारा शेणात जायचा. तशात शिवारात ज्वारीच कमी झाली. ज्याच्या त्याच्या शेतात सोयाबीन, मग कडबा येणार कुठून? हळूहळू सगळी भिस्त सोयाबीनच्या कुटारावर आली.

धम्मदीपा आपला उजवा हात पदराखाली ठेवायची. घरात, शेतात, विहारात, सगळीकडे. फळ्यावर लिहायला दुसरी मुलगी जाऊ लागली. सासू-सुनांचं वैर नव्हतं. भाकरी एकत्र होती, कामं वाटून होती. पण माझ्या खडखडाटावरून जे बोलणं चालायचं ते बंद झालं होतं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी सोयाबीन काढून झालं, आणि कुटाराच्या उघड्या गंजीवर तीन दिवस पाऊस कोसळला. वरून गंजी सुकली. आतून पांढरी-हिरवट भुकटी धरली. दुर्गाबाईनं एक मूठ हुंगली आणि फेकून दिली. संघदीप म्हणाला, "उन्हात घालतो ना माय. वास गेला का चालते. गावात सारेच चारून राह्यले."

त्यानं दोन दिवस उन्हात वाळवून ते कुटार भुरीपुढं टाकलं. दुसरं काही नव्हतंच. भुरी तेव्हा गाभण होती. तिसऱ्या दिवशी तिचा रवंथ थांबला, पोट तट्ट झालं, मान खाली गेली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी औषध पाजलं, सुई दिली आणि कुटार हातात घेऊन बोटांनी चोळलं. "बुरशी आहे ही. उन्हात टाकून वास जातो, विष जात नाही. गाभण म्हैस आहे. हे पुन्हा दिलंत तर पोटातलं जाईल."

भुरी वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मदीपानं एकटीनं ती अख्खी गंजी ओढून उकिरड्यावर नेली. शेजारचा इंद्रभान कुंपणावरून पाहत होता. तो मनाचा वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं. तो ओरडला, "अवो, येडी झाली का? पुऱ्या उन्हाळ्याचा चारा फेकून राह्यली!"

"चारा नाई हा," ती म्हणाली. तेवढंच. आणि पुढचा भारा उचलला.

आता घरात मूठभर तुरीचं कुटार आणि अर्धं पोतं ढेप उरली होती. दुर्गाबाईनं ठरवून टाकलं. "दोन्ही म्हशी बाजारात नेऊन उभ्या करा. मले नाई पाह्यवत त्याईले उपाशी." संघदीप मान हलवून मोकळा झाला. धम्मदीपा मात्र रिसोडला पशुपालक बायकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं तिथं गेली.

तिथं काय झालं ते तिनं संध्याकाळी गोठ्यात संघदीपला सांगितलं, म्हणून मलाही ऐकू आलं. शिकवणाऱ्या मॅडमनी मुरघास समजावला. मका पेरायचा. कणसातला दाणा चिकात आला, म्हणजे नखानं दाबल्यावर दूध निघू लागलं, की हिरवा मका कापायचा. त्याची बारीक कुट्टी करायची. प्लास्टिकच्या जाड पिशवीत दाबून दाबून भरायची, आत हवा राहू द्यायची नाही, आणि दीड महिना तोंड बांधून ठेवायची. चारा आंबतो, सडत नाही. भर उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याची चव राहते. धम्मदीपानं हे सगळं डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत वहीत उतरवलं होतं. मग मॅडमनी विचारलं, "कुट्टी मशीन कुणाकुणाच्या घरी आहे? हात वर करा."

"मंग?" संघदीपनं विचारलं.

"मंग मी केला वर. हाच."

तिनं पदराखालून उजवा हात काढून त्याला दाखवला. कुडाच्या फटीतून मला तो इतक्या दिवसांनी दिसला. अंगठा आणि दोन बोटं.

"साऱ्या बाया पाह्यत होत्या. म्हटलं, पाह्या. माह्या घरी मशीन हाय."

दुसऱ्या दिवशी ती गोठ्यामागं आली. तिनं माझ्या तोंडातलं गवत उपटलं, कोंबडीला हाकललं आणि रॉकेल लावून माझे रूळ पुसायला बसली. संघदीपची त्या दिवशी सुट्टी होती, तो मदतीला आला. आवाज ऐकून दुर्गाबाई धावत आली आणि काही न विचारता सरळ माझ्या आडव्या पडलेल्या अंगावर बसली. दोन्ही हातांनी माझं तोंड झाकून.

"हे उचलाचं असंन तं मले आधी उचला."

"आत्याबाई, उठा."

"नाई उठत. भंगारवाल्याले देतो म्हटलं तं या संघदीपनं नेलं नाई तवा. माहीच चूक झाली. तवाच द्याले पाह्यजे होतं."

"माय, ऊठ ना," संघदीप म्हणाला.

"तू गप ऱ्हाय! तुले मालूम नाई. चाक माह्या हातात होतं." तिचा आवाज फाटला. "तीन वर्सं झाले, मी हिच्या हाताकडं पाह्यलं नाई. एक डाव नाई पाह्यलं."

धम्मदीपा तिच्यासमोर उकिडवी बसली. "मले मालूम हाय. तुमी पाह्यत नाई म्हनून मी लपवते, अन् मी लपवते म्हनून तुमी पाह्यत नाई. असं किती दिवस चालवाचं?"

दुर्गाबाईनं माझ्या तोंडावरचा एक हात काढला.

"बोटं माही गेली, आत्याबाई. तुमची नाई गेली. मंग या मशीनवर राग धराचा का नाई, ते मी ठरवीन. अन् म्हशी विकाच्या का नाई, तेबी मीच ठरवीन. मका पेराचा हाय. उठा."

म्हातारी उठू लागली. माझ्यावर हात टेकवून उठायची तिची जुनी सवय होती. तिनं हात न टेकवता उठायचा प्रयत्न केला, आणि तोल गेल्यावर सुनेनं तिला धरलं. उजव्या हातानंच.

मका पेरला गेला. विहिरीचं पाणी होतं तोवर दिलं गेलं. तुरीचं कुटार ढेपेत कालवून आणि बांधावरचं गवत कापून म्हशींचे दिवस काढले. भुरीच्या बरगड्या दिसू लागल्या, पण ती उभी होती.

मका गुडघ्याइतका झाला तेव्हा मला टेम्पोत घालून रिसोडला वेल्डिंगच्या दुकानात नेलं. वेल्डरनं मला पाहून नाक मुरडलं. "ताई, हे कायले दुरुस्त करून राह्यल्या? मोटरवाली घ्या. बटन दाबलं का झालं."

"मोटर हाक मारल्यावर थांबते का, दादा?" धम्मदीपानं विचारलं.

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. मग तो कामाला लागला. तिनं त्याला हवं ते सगळं नीट सांगितलं. माझ्या तोंडापुढं पत्र्याची लांब बंद नळी हवी, एवढी लांब की खांद्यापर्यंत हात घातला तरी रुळाला लागू नये. तिनं आधी आपला डावा हात घालून मोजलं. मग म्हणाली, "तुमचा हात लांब हाय, तुमचाबी घाला." त्याचा हात मोजून नळी आणखी वीतभर वाढवली. चाकाला आडवी खीळ बसवली, म्हणजे काम नसताना ते फिरायलाच नको. पाती उतरवून धार लावली. दोन रूळ आणि दातेरी चाकांवर जाळी आली. आणि सगळ्यात शेवटी तिनं माझ्या चाकाला लाल रंग मारून घेतला. तो का, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मला विचाराल तर, लांबून दिसावं म्हणून.

फाल्गुनात दाणा चिकात आला. पहाटेच मका कापला आणि दुपारपर्यंत सुकवला. धम्मदीपानं थोडी कुट्टी विळ्यानं करून उजव्या मुठीत दाबून पाहिली. पाणी निथळलं तर मका फार ओला, मूठ उघडल्यावर लगेच विस्कटला तर फार कोरडा. गोळा बनला आणि हळूच सुटला, म्हणजे बरोबर. तीन बोटांच्या मुठीतही ते कळतं.

संघदीप चाकाकडे गेला. धम्मदीपानं त्याला थांबवलं.

"तुमी भारे आना. चाक आत्याबाई फिरवतीन."

दुर्गाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं दोन्ही हात आखडून घेतले. "माह्याच्यानं नाई होत पोरी."

"होते."

"दुसरं कोनीबी सांग. इंद्रभानले बोलाव."

"तुमी नाई फिरवलं तं ते चाक तुमच्या डोक्यात फिरत राहीन जलमभर. अन् मी रोज त्याच्यात हात घालत राहीन. मले नाई पाह्यजे ते. या."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. ऊन, पाऊस, गंज मला कळतात. पण दुर्गाबाईनं त्या दिवशी माझा दांडा दोन्ही हातांनी असा आवळून धरला, की तिची पकड मला पायांपर्यंत कळली. तिनं खीळ काढली. पहिला फेरा रिकामाच फिरवला. रूळ कुरकुरले. दुसऱ्या फेऱ्याला धम्मदीपानं मक्याचं एकच लांब ताट, पानांसकट, नळीत सोडलं. कर्रर्र झालं आणि ओल्या मक्याचा गोड वास अंगणभर पसरला.

दुर्गाबाईनं लगेच चाक थांबवलं. "हात कोठी हाय?"

"वर हाय. पाह्या."

धम्मदीपानं दोन्ही हात डोक्यावर धरले होते. आणि दुर्गाबाईनं पाहिलं. उजव्या हाताकडे, दोन थोटकांकडे, नीट, पापणी न लववता पाहिलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तिनं नजर हटवली नाही. मग नाक पदराला पुसून ती म्हणाली, "दुसरं ताट टाक."

पहिले पन्नासेक फेरे प्रत्येक ताटाला हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मग दर भाऱ्याला. दिवस कलताना प्रश्न थांबला आणि माझ्या खडखडाटावरून त्या दोघींचं दुसरंच काहीतरी बोलणं सुरू झालं, भुरीच्या वेताचं, विहारातल्या जेवणाचं, इंद्रभानच्या मिशांचं. तीन दिवस हे चाललं. रोज जेवढी कुट्टी व्हायची तेवढी त्याच दिवशी पिशवीत जायची. संघदीप पिशवीत उतरून पायानं तुडवायचा. हवा दाबून काढून तोंड आवळून बांधलं की पिशवी दगडासारखी लागायची.

गावाला करमणूक झाली. इंद्रभान येता-जाता विचारायचा, "काय वो, म्हशीले लोनचं घालून राह्यले का? मीठ-मिरची टाकली का नाई?"

"तुमी चाखून सांगा," दुर्गाबाई कुंपणावरून ओरडायची. तिच्या जिभेला धार परत आली होती.

दीड महिन्यानं पहिली पिशवी फोडली. रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस-गोड, ताकाच्या जवळ जाणारा. दुसरी पिशवी मात्र उंदरानं कुरतडली होती. भोकाजवळचा मुरघास काळा पडला होता आणि त्याला घाण येत होती.

"वरचं काढून टाकू," संघदीप म्हणाला. "खालचं चांगलं असंन."

"अख्खी फेकाची," धम्मदीपा म्हणाली. आणि मागच्या खेपेसारखी या वेळी ती एकटी नव्हती. पिशवीचं दुसरं टोक दुर्गाबाईनं धरलं.

चांगल्या पिशवीतला मुरघास भुरीपुढं टाकला तर तिनं हुंगून तोंड फिरवलं. संघदीपचा चेहरा पडला. दुर्गाबाई हसली. "नवी सून हाय ते. दोन दिवस लाजन." तिनं ओंजळभर मुरघास तुरीच्या कुटारात मिसळला. दुसऱ्या दिवशी दोन ओंजळी. पाचव्या दिवशी भुरीनं गव्हाण चाटून पुसून ठेवली आणि रिकाम्या गव्हाणीवर शिंग आपटलं. उन्हाळा तापला, शिवार करपलं, पण आमच्या गोठ्यातल्या म्हशींच्या अंगावर चकाकी आली. वैशाखात भुरी व्याली. झाला टोणगा. दुर्गाबाईला वगार, म्हणजे मादी, हवी होती, म्हणून ती अर्धा दिवस रुसली. मग खरवस वाटायला घरोघर गेली.

त्याच आठवड्यात इंद्रभान आमच्या अंगणात आला. त्याच्या गायीला भिजक्या कुटारानं दगा दिला होता. ती मेली नव्हती, पण गाभडली होती, पोटातलं वासरू गेलं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. "वहिनी, औंदा मीबी मका पेरतो. तुमची मशीन देसान का?"

मला वाटलं आता दुर्गाबाई त्याला लोणच्यावरून चांगलं सुनावणार. तिनं तोंड उघडलंही होतं. पण धम्मदीपा पुढं झाली. तिनं उजवा हात त्याच्यासमोर धरला. "आधी हे पाह्या. मंग ही नळी पाह्या. ज्याले हे दोन्ही कळलं त्याले मशीन भेटीन. लेकराईले जवळ येऊ द्याचं नाई. धार बोथट झाली तं काम बंद. हात घालून रेटाचं नाई, लाकूड घालाचं. कबूल?"

"कबूल."

या वर्षी माझं चाक सात घरांच्या मक्यासाठी फिरतं आहे. धम्मदीपा आता शेजारच्या गावांतही बायकांना मुरघास शिकवायला जाते. पदर नीट खांद्यावर असतो आणि हात उघडा. कुणी हळहळलं की तिला राग येतो. "माह्या बोटाचं राहू द्या, तुमचा चारा दाखवा," म्हणते.

मला अजूनही काही लोक बोटखाई म्हणतात. म्हणू देत. मी त्यांना उत्तर द्यायला गंजून पडले नाही, हेच माझं उत्तर आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, मित्रांनो, तर तिला घाबरून कोपऱ्यात टाकू नका आणि लाडानं मोकळीही सोडू नका. तिच्या तोंडाला झाकण द्या, चाकाला खीळ द्या, पात्याला धार द्या. आणि जनावरापुढं जे टाकाल ते आधी स्वतः हुंगा. ज्याचा वास तुम्हाला सहन होत नाही, ते मुक्या जिवाच्या पोटात ढकलू नका, मग सारा गाव ढकलत असला तरी. गाव नेहमी बरोबर असतं असं नाही. या घरातल्या दोन बायका गावाच्या विरुद्ध उभ्या राहिल्या, आणि म्हणून भुरी आज उभी आहे.

आज इंद्रभानचा मका आला आहे. त्याची सून अंजू पहिल्यांदाच चारा सारायला उभी आहे आणि बिचारी जरा भेदरली आहे. दुर्गाबाईनं दांडा धरलाय. पण तिनं अजून चाक हलवलेलं नाही. ती अंजूकडे पाहते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "पोरी, हात वर कर! मले दिसू दे!"

अंजू दोन्ही हात वर करते. दहाच्या दहा बोटं.

आता फिरवा म्हणावं.